कूलंटची जुनी टाकी वेळेआधी बदलताना

मोटारीच्या इंजिनाभोवती फिरणारे कूलंट तापले की फुगते. लहान मोटारीत ते साधारण चार ते सहा लिटर असते आणि थंड इंजिन ९०-१०० अंश सेल्सिअसपर्यंत तापेतो त्याचे आकारमान पाव लिटरच्या आसपास वाढते. या वाढीव द्रवाला जागा मिळावी म्हणून बॉनेटखाली पांढरट प्लास्टिकची टाकी दिलेली असते. गॅरेजमध्ये तिला कूलंटची बाटली म्हणतात. सर्व्हिसिंगच्या वेळी तिच्यातली पातळी पाहिली जाते, टाकीकडे मात्र क्वचितच कोणी पाहतो. इंजिन ऑइल, फिल्टर, टायमिंग बेल्ट यांची मुदत कंपनी छापून देते. टाकीची मुदत सहसा कुठेच लिहिलेली नसते. त्यामुळे ती कधी बदलायची हे मालकालाच ठरवावे लागते.

त्याआधी टाकी कोणत्या जातीची आहे हे पाहावे लागते, कारण पुढचा सगळा विचार त्यावर अवलंबून आहे. पहिल्या प्रकारात दाब धरणारे धातूचे झाकण रेडिएटरवर असते आणि बाटली नुसती साठवणीची असते. तापलेले जादा कूलंट बारीक नळीने तिच्यात येते आणि इंजिन थंड झाले की परत रेडिएटरमध्ये ओढले जाते. जुन्या अल्टो, वॅगन आर अशा मोटारींत ही व्यवस्था आढळते. या बाटलीवर दाब नसतो. ती पिवळी पडली, आतून गाळाने काळी झाली तरी धुऊन पुन्हा बसवता येते. चिरली नसेल तर केवळ वयामुळे ती बदलण्यात अर्थ नाही. दुसऱ्या प्रकारात रेडिएटरवर झाकणच नसते. टाकी कूलंटच्या फेऱ्यातच जोडलेली, बहुधा सर्वांत उंच जागी असते आणि दाबाचे झाकण तिच्याच तोंडावर फिरवून बसवलेले असते. झाकणावर १.१ किंवा १.४ बार असा आकडा कोरलेला दिसतो. फोक्सवॅगन पोलो, व्हेंटो, स्कोडा रॅपिड, फोर्ड फिगो, इकोस्पोर्ट, रेनॉ डस्टर, फियाट लिनिया या मोटारी या गटातल्या. वेळेआधी बदलण्याचा प्रश्न येतो तो या दाबाच्या टाकीचा.

हा दाब मुद्दाम ठेवलेला असतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवरच्या अहिल्यानगरात उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. इंजिनातले कूलंट त्याच्या बरोबरीने, काही वेळा त्याहून जास्त तापते. निम्मे पाणी आणि निम्मे एथिलीन ग्लायकॉल अशा मिश्रणाचा उत्कलनबिंदू साध्या हवेत १०७ अंशांच्या जवळ असतो. एक बार जादा दाब दिला की तो १२९ पर्यंत चढतो. ही वीस-बावीस अंशांची सवलत इंजिनाला चढणीवर आणि गर्दीत वाचवते. तिची किंमत टाकी चुकवते. एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास एक किलो. तळहाताएवढ्या, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर भिंतीवर सुमारे १०० किलोचा जोर आतून पडतो आणि ती भिंत असते दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकची. मोटार सुरू झाली की जोर चढतो, उभी राहून थंड झाली की उतरतो. रोज वापरातल्या मोटारीत दहा वर्षांत हे हजारो वेळा घडते.

टाकी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. हे प्लास्टिक स्वस्त, ग्लायकॉलला दाद न देणारे आणि चांगले चिवट आहे. वितळते ते १६० अंशांच्या वर. पण उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्याच्या लांब रेणूंच्या साखळ्या तोडत राहतात. हे थोपवण्यासाठी कारखान्यात त्यात संरक्षक रसायने मिसळलेली असतात आणि ती वर्षांगणिक खर्ची पडतात. ती संपेपर्यंत टाकी धडधाकट दिसते; संपली की ठिसूळपणा झपाट्याने येतो. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा रासायनिक झिजेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब रसायनशास्त्रात धरतात. म्हणून थंड प्रदेशातल्या वाहनधारकांनी सांगितलेली टाकीची वयोमर्यादा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्याच्या उन्हाळ्याला जशीच्या तशी लावता येत नाही.

शनिशिंगणापूरला शनीच्या दर्शनासाठी येणाऱ्या मोटारींवर हा ताण कसा पडतो हे पाहण्यासारखे आहे. गाव नेवासे तालुक्यात, सोनईजवळ. अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावरून घोडेगावला आत वळावे लागते. शिर्डीहून येणारे राहुरीमार्गे साधारण सत्तर किलोमीटर कापून येतात. पुण्याची मोटार दीडशेहून अधिक, मुंबईची अडीचशेहून अधिक किलोमीटर चालून आलेली असते. कल्याण–अहिल्यानगर रस्त्याने आलेली माळशेज घाट चढलेली असते, तर अहिल्यानगरहून महामार्गाने घोडेगावकडे येणारी इमामपूर घाटाचा अनुभव घेते. मोटारीत पाच-सहा माणसे, सामान, एसी चालू. एवढ्यावर भागत नाही. खरा ताण सुरू होतो तो शेवटच्या काही किलोमीटरवर. शनिवारी आणि विशेषतः शनी अमावास्येला वाहने पायी चालल्यासारखी सरकतात. गळीत हंगामात सोनईच्या साखर कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर मध्ये आले की वेग आणखी मंदावतो. शनी जयंती तर वैशाख अमावास्येला, म्हणजे ऐन मे महिन्यात किंवा जूनच्या सुरुवातीला येते. तेव्हा इथला पारा चाळिशी ओलांडलेला असतो. मोटार धावत असताना रेडिएटरला वारा मिळतो. रांगेत ती एकट्या पंख्याच्या भरवशावर असते. मग वाहनतळावर इंजिन बंद होते, पंप आणि पाण्याचा फेरा थांबतो, तापलेल्या ब्लॉकमधली उष्णता तिथल्या तिथे कूलंटमध्ये उतरते आणि काही मिनिटे बॉनेटखालचे तापमान चालत्या मोटारीपेक्षाही वर जाते. जुनी टाकी चिरण्याला ही वेळ फार सोयीची असते. दर्शन घेऊन परतलेल्या कुटुंबाला मोटारीखाली गुलाबी थारोळे दिसते ते यामुळे.

शनिवारी लोखंड आणि तेल विकत घेऊ नये असा संकेत बरेच जण पाळतात. टाकी प्लास्टिकची असल्याने त्या बाजूने अडचण नाही. अडचण आहे ती सुटा भाग मिळण्याची. सर्रास चालणाऱ्या मोटारींचे क्लॅम्प, होस, कूलंट सोनई-घोडेगावच्या दुकानांत मिळण्याची आशा धरता येते. विशिष्ट मॉडेलच्या टाकीसाठी मात्र अहिल्यानगर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते आणि तिथेही ती बहुतेक वेळा मागवूनच घ्यावी लागते. ज्या कंपन्यांनी भारतातला व्यवसाय गुंडाळला त्यांच्या मोटारींबाबत हे अधिकच खरे आहे. शेव्हरोलेची विक्री २०१७ मध्ये थांबली, फोर्डने येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा २०२१ मध्ये केली. या मोटारी अजून रस्त्यावर भरपूर आहेत. भाग मिळतो, पण हातोहात मिळेलच असे नाही. वेळेआधी बदलण्याच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा हाच आहे. टाकी स्वस्त असते, काहीशे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत. पण ती मिळेपर्यंत परगावी अडकून पडणे आणि पाणी संपल्यावरही पुढे रेटल्यामुळे वाकलेले ॲल्युमिनियमचे हेड यांचा खर्च तिच्या कितीतरी पट होतो.

मग नेमकी केव्हा बदलावी? दाबाची टाकी असेल, मोटार आठ ते दहा वर्षांची झाली असेल किंवा लाखभर किलोमीटर धावली असेल, आणि टाकी कारखान्यातून आलेलीच असेल, तर पुढच्या कूलंट बदलाच्या वेळी ती बदलून टाकावी. कूलंट तेव्हा काढावेच लागते, त्यामुळे मजुरी फारशी वाढत नाही. किलोमीटर कमी झाले म्हणून वय विसरू नये. वर्षातून चार वेळा बाहेर निघणाऱ्या मोटारीतली टाकीही म्हातारी होते, फक्त थोडी सावकाश. सहा वर्षांच्या आतली, स्वच्छ दिसणारी टाकी केवळ धास्तीपोटी बदलणे मात्र उधळपट्टी आहे. टाकीवर तिचे जन्मवर्ष बहुधा उमटवलेलेच असते. साच्यातून उठलेले नाण्याएवढे किंवा त्याहून लहान वर्तुळ, त्यात बाण, भोवती महिन्यांचे आकडे आणि मध्ये वर्षाचे दोन अंक. जुनी मोटार विकत घेणाऱ्याला यावरून टाकी मूळची की बदललेली हे कळते.

वय झालेले नसतानाही काही खुणा दिसल्या तर थांबू नये. टाकीचा पांढरट पारदर्शकपणा जाऊन ती पिवळी, मग तपकिरी होते. नुसता पिवळेपणा ही सूचना समजावी, तपकिरी रंगासह पृष्ठभाग खडूसारखा कोरडा झाला असेल तर तो इशारा. टाकी दोन अर्धे भाग गरम करून जोडलेली असते. त्या जोडाच्या रेषेवर, झाकणाच्या आट्यांखाली आणि नळी बसते त्या बारीक तोटीच्या मुळाशी विजेरीचा झोत तिरपा टाकून पाहावे. केसासारखी रेघ किंवा वाळलेल्या कूलंटचा पांढरा-गुलाबी थर दिसला की निकाल लागला. कित्येकदा जमिनीवर एक थेंबही सापडत नाही, कारण चीर गरम असताना दाबानेच उघडते आणि बाहेर आलेले कूलंट तापलेल्या धातूवर वाळून जाते. मोटारीभोवती येणारा गोडसर वास आणि दर महिन्याला थोडी थोडी खाली जाणारी पातळी एवढेच पुरावे मागे राहतात. ‘गाडी जरा पाणी पिते’ असे म्हणून त्यात वरून पाणी ओतत राहणे हा या आजारावरचा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत वाईट उपाय आहे.

टाकी मागवण्याआधी चांगल्या गॅरेजमध्ये प्रेशर टेस्टर लावून घ्यावा. टाकीच्या तोंडावर हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात आणि दहा-पंधरा मिनिटे काटा उतरतो का ते पाहतात. गळती टाकीचीच आहे की वॉटर पंप, होस किंवा रेडिएटरची, हे यातून उघड होते. दुसरी शंकाही इथेच फेडून घ्यावी. हेड गॅसकेट किंचित उडालेले असेल तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये घुसतो आणि दाब झाकणाच्या आवाक्याबाहेर जातो. अशा मोटारीत टाकी फुटणे हा परिणाम असतो. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर टाकीत अखंड बुडबुडे येणे, होस काही क्षणांतच दगडासारखे कडक होणे ही त्याची लक्षणे. तिथे नवी टाकी बसवली तर तीही टिकत नाही.

भाग घेताना मोटारीच्या कंपनीचा किंवा नावाजलेल्या पुरवठादाराचाच घ्यावा. फुटपाथवरच्या नकली टाकीची भिंत कुठे जाड तर कुठे पातळ असते आणि आटे झाकणाला नीट धरत नाहीत. कुर्ल्याच्या भंगार बाजारातली ‘ओरिजिनल’ टाकी दिसायला देखणी असली तरी तिचेही वय तितकेच झालेले असते, म्हणजे जुनी देऊन जुनीच घेण्याचा प्रकार. टाकीबरोबर झाकण नवे घ्यावेच. झाकणात दोन झडपा असतात. एक ठरावीक दाबानंतर वाफ सोडते, दुसरी थंड होताना हवा आत घेते. पहिली अडकली की टाकी फुगून फुटते, दुसरी अडकली की होस आत ओढून चपटे होतात. झाकणाचा बारचा आकडा मूळचाच असावा. जास्त दाबाचे झाकण लावून मोटार कमी तापेल ही समजूत घातक आहे.

बदलण्याचे काम अवघड नाही. घरी स्क्रू-ड्रायव्हर, १० नंबरचा सॉकेट आणि पक्कड वापरता येणाऱ्याला जमण्यासारखे आहे. एक अट कडक आहे: इंजिन पूर्ण थंड हवे, म्हणजे शक्यतो रात्रभर उभी असलेली मोटार. गरम टाकीचे झाकण सैल केले की दाब उतरतो, १०० अंशांवरचे कूलंट क्षणात उकळून उसळते आणि चेहरा व हात भाजतात. झाकण काढल्यावर टाकीतले कूलंट मोठ्या सिरिंजने किंवा नळीने स्वच्छ डब्यात ओढून घ्यावे. तोंडाने ओढू नये, ते विष आहे. नळ्या कुठून कुठे जातात याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पातळी दाखवणारा सेन्सर असेल तर त्याचा कनेक्टर खटका दाबून सोडवावा, मग स्क्रू काढून टाकी उचलावी आणि खालचा होस सोडवावा. वर्षानुवर्षे बसून चिकटलेला होस सरळ खेचू नये आणि स्क्रू-ड्रायव्हरने उचकटूही नये. आधी तो गोल फिरवून सैल करावा. बारीक नळीची रेडिएटरकडची तोटीही तितकीच ठिसूळ झालेली असते आणि घाईत ती मोडली तर दोन हजारांचे काम रेडिएटरवर जाते. होसच्या टोकाला चिरा असतील तर तो बदलावा. मूळच्या स्प्रिंग क्लिपमध्ये ताण उरला असेल तर तीच परत लावावी. स्क्रूचा क्लॅम्प लावलाच तर जोर आवरून आवळावा, कारण नव्या टाकीची तोटी तशी मोडल्याची उदाहरणे गॅरेजमध्ये नेहमी दिसतात. बाहेरून बसवलेले सीएनजी किट असेल तर गॅसचा दाब उतरवणारा रिड्यूसर गरम ठेवण्यासाठी कूलंटच्या नळ्यांना दोन जोड वाढवलेले असतात. तेही याच वेळी तपासावेत.

कूलंट कोणते घालायचे ते मोटारीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तेच मानावे. रंगावर विसंबू नये. रंग हा कंपनीचा, रसायनाचा नव्हे. जुन्या पद्धतीचे सिलिकेटयुक्त आणि नवे सेंद्रिय आम्लांवर आधारलेले कूलंट एकत्र झाले की गंजरोधकांची ताकद घटते आणि काही वेळा चिकट गाळ धरतो. तयार मिश्रण मिळते ते तसेच ओतायचे. दाट कूलंट असेल तर त्यात निम्मे डिस्टिल्ड किंवा डीएम पाणी मिसळायचे. बॅटरीत घालायचे पाणी कोणत्याही दुकानात मिळते, तेच चालते. बाटलीवर ‘ॲसिड’ लिहिलेले नाही एवढे वाचून घ्यावे. बोअरवेलचे पाणी वापरू नये. या भागातल्या पाण्यात क्षार भरपूर. हंड्याच्या तळाला बसणारा पांढरा थर इंजिनाच्या आतल्या वाटांतही बसतो. नुसते पाणी घालून चालवणाऱ्यांचा युक्तिवाद असतो की महाराष्ट्रात बर्फ कुठे पडतो. ग्लायकॉल गोठणे टाळते तसे उकळणेही लांबवते आणि सोबतची रसायने ॲल्युमिनियम व पंप गंजण्यापासून वाचवतात. त्यांची गरज मे महिन्यात जास्त असते.

भरताना हवा आत अडकू नये याची काळजी घ्यावी. हळूहळू ओतावे, हवा सोडण्याचा स्क्रू दिलेला असेल तर बुडबुड्यांविना धार येईपर्यंत तो सैल ठेवावा, हीटर पूर्ण गरमवर करावा. मग झाकण लावून इंजिन सुरू करावे आणि पंखा दोन वेळा चालू-बंद होईपर्यंत चालू द्यावे. हीटरमधून गरम हवा येत नसेल तर आत हवा अडकली आहे असे समजावे. सर्व पूर्ण थंड झाल्यावर पातळी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’च्या मध्ये आणावी, काठोकाठ भरणे चूक, फुगण्याची जागा त्यासाठीच रिकामी सोडलेली असते. पुढच्या आठवड्यात दोन-तीन सकाळी पातळी पाहावी. काढलेले जुने कूलंट गटारात किंवा अंगणात टाकू नये. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि कुत्रा, मांजर, शेळी ते चाटतात. थोड्याशा मात्रेनेही मूत्रपिंड निकामी होऊन जनावर दगावते. बंद कॅनमध्ये भरून ते गॅरेजला किंवा सर्व्हिस सेंटरला द्यावे.

नवी टाकी टाकली आणि महिन्याभरात रेडिएटर गळायला लागला, अशी तक्रार मेकॅनिकच्या कानावर नेहमी येते आणि दोष त्याच्या हाताला दिला जातो. बहुतेक वेळा तो निर्दोष असतो. जुनी टाकी किंवा झाकण दाब धरतच नव्हते, त्यामुळे बाकीच्या दुबळ्या जागा झाकून राहिल्या होत्या. नव्या टाकीने पुरा दाब परत आणला आणि रेडिएटरच्या बाजूच्या प्लास्टिकच्या पेटीने किंवा जुन्या होसने मान टाकली. यावर उपाय टाकी न बदलण्याचा नाही. बारा-पंधरा वर्षांच्या मोटारीत टाकी, झाकण, वरचा-खालचा होस आणि थर्मोस्टॅट यांचा विचार एकत्र करावा, आणि हे काम यात्रेच्या आदल्या संध्याकाळी न करता दोन-तीन आठवडे आधी उरकावे. म्हणजे जे फुटायचे ते घराजवळ फुटते.

एवढे करूनही, किंवा काहीच न केल्याने, टाकी वाटेत फुटली तर इंजिन लगेच बंद करावे. तापमानाच्या काट्याने धीर दिला तरी त्यावर जाऊ नये: कूलंट निघून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खरे तापमान दाखवत नाही. निदान अर्धा-पाऊण तास बॉनेट उघडे ठेवून थांबावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. एम-सील किंवा अराल्डाइटने चीर बुजवण्याचा खटाटोप फुकट जातो, कारण पॉलिप्रॉपिलीनला ते धरतच नाही. गरम खिळ्याने डागून केलेला जोडही दाब चढताच उघडतो. चीर वरच्या बाजूला असेल तर थंड इंजिनात पाणी भरून, एसी बंद करून, काही किलोमीटर हळू जाऊन गॅरेज गाठता येते. मध्ये थांबून पातळी पाहत जावे. अशा वेळी बोअरवेलचे पाणीही चालते; फक्त नंतर सगळे काढून नवे कूलंट भरावे लागते. चीर खालच्या तोटीजवळ असेल तर पाणी टिकणार नाही. तेव्हा मोटार स्वतःच्या चाकांवर न नेता टोइंगच्या गाडीवर चढवून अहिल्यानगरला नेणे जवळपास नेहमीच स्वस्त पडते.